हार्ड डिस्कमधील खोल्या

यंदाची महालक्ष्मीची जत्रा झाली की आमच्या घरी संगणक घ्यायचे ठरले आहे. त्यासाठी दादाने मला जी माहिती समजावली, ती येथे देत आहे. पालकांनीही वाचावी.

संगणकात आपण जे जे साठवतो ते हार्ड डिस्कवर राहते. जगातील पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली काढली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरत. एवढे धूड, पण मावत फक्त ५० लाख अक्षरे! आज मोबाइलवर काढलेला एखादा मोठा फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता.

आपल्याकडे भात झोडून झाले की बियाण्याचे वेगळे ठेवतात व खाण्याचे वेगळे. कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याला हात लावत नाहीत. हार्ड डिस्कचेही तसेच करायचे. एकाच डिस्कचे भाग पाडतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. पहिला भाग सी, दुसरा बहुधा डी. (ए व बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी होती, म्हणून सुरुवात सीपासून.) सीमध्ये विंडोज असते. ते बिघडले की दुरुस्ती करणारा सी पुसून विंडोज पुन्हा भरतो. डी तसाच राहतो. मात्र त्याला आधीच बजावावे, की डीला हात लावू नका.

यात एक गोम आहे. डेस्कटॉपवर दिसणारी फाईल सीमध्येच असते. जातीचा दाखला, वनपट्ट्याचे कागद स्कॅन करून तिथे ठेवले, तर विंडोजबरोबर तेही पुसले जातील. आमच्याकडे आजोबांचे दोनच फोटो आहेत, त्यातला एक पावसाने डागाळला आहे. ते दादा पहिल्याच दिवशी डीमध्ये घालणार आहे.

पण डी म्हणजे काही तिजोरी नव्हे. मध्ये कूड घालून दोन खोल्या केल्या, तरी घर पडले तर दोन्ही पडतात. डिस्कच बंद पडली तर सी आणि डी दोन्ही गेले. म्हणून आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर करून आत्याच्या घरी ठेवायची आहे.

५०० जीबीच्या डिस्कवर विंडोज ४६५ च दाखवते. त्यात दुकानदाराची लबाडी नसते. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज सुमारे १०७ कोटी. त्यातले १५० तरी सीला द्यावेत. सी फार लहान ठेवला तर पुढे विंडोजचे अपडेट मावत नाहीत, आणि मग तो वाढवणे कटकटीचे होते.

खरेदीला बाबा व दादा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार आहेत. डहाणूहून चर्चगेट लोकल २०१३ सालापासून आहे. मुंबई सेंट्रलला उतरून चालत जाता येते. बाबा म्हणतात, तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त, तीच आणू. दादा म्हणतो, लहान का होईना, एसएसडी घेऊ. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, म्हणून संगणक झटकन सुरू होतो. मला दादाचे पटते. रॅम ८ जीबी तरी हवी. पण मदरबोर्ड बघूनच घ्यावी, कारण डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या खाचेत बसतच नाही. आणि रंगीत दिव्यांच्या पेटीवर पैसे घालण्यापेक्षा यूपीएस घ्यावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते सर्वांस ठाऊक आहे. काम चालू असताना गेली तर फाईल खराब होऊ शकते. पक्की पावती घ्यावी, आणि वस्तूचा नंबर तिच्यावर लिहिला आहे ना, ते दुकानातच पाहावे. गॅरंटीच्या वेळी तोच विचारतात.