थेंबाभोवतीचं कवच

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनवर जगभर ढीगभर संशोधन झालं आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ते बरंच काही करून दाखवतं. पोटात गेल्यावर मात्र रक्तापर्यंत त्यातलं अगदी थोडं पोचतं. पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही आणि जे शोषलं जातं, त्याचंही आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात झपाट्यानं रूपांतर होतं. ‘ड’ जीवनसत्त्व किंवा सायक्लोस्पोरिनसारखं औषध, ही द्रव्यंही तेलात विरघळणारी, पाण्याशी फटकून वागणारी. त्यांना पाणीदार शरीरात न्यायचं, तर तेलात विरघळवून त्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरवायचे, म्हणजे इमल्शन करायचं, हा एक मार्ग आहे.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे काम खलात शिकवतात. चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. जोरानं घोटताना मिश्रण पांढरं होतं आणि बत्त्याखाली चट्‌चट् आवाज येऊ लागतो, तेव्हा इमल्शन जमलं असं समजायचं. हा डिंक प्रामुख्यानं सुदानमधून येतो. तो बहुतांशी बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. पण त्यात थोडं प्रथिनही असतं आणि सगळी गंमत तिथेच आहे. प्रथिनाचा भाग तेलाला धरून बसतो, साखळ्या पाण्यात पसरतात आणि शेजारच्या थेंबांना जवळ येऊ देत नाहीत. प्रथिन आणि डेक्स्ट्रान ही बहुशर्करा एकत्र कोरडी तापवून संशोधक हीच जोडी हातानं घडवतात. पावाचा वरचा भाग ज्या रासायनिक क्रियेनं तांबूस होतो, तीच इथेही घडते.

दुधातलं केसीन हे प्रथिन एकटंही थेंब उत्तम सांभाळतं. थेंबांवर सारखाच विद्युतभार आल्यानं ते एकमेकांना दूर लोटतात. मात्र आम्लता ४.६ पीएचच्या आसपास आली की केसीनचा एकूण भार शून्य होतो आणि थेंब गोळा होऊ लागतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं ते याचमुळे. जठरात तर याहूनही जास्त आम्ल असतं आणि शिवाय प्रथिनं तोडणारं पेप्सिन.

म्हणून केसीनवर दुसरा थर चढवतात. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून काढलेल्या पेक्टिन या बहुशर्करेवर ऋण भार असतो. आम्लात केसीन धन होतं आणि पेक्टिन त्याला चिकटतं. आंबट दुधाच्या पेयांत साका बसू नये म्हणून कारखाने पेक्टिन घालतात, त्यामागेही हेच कारण. पेक्टिन जास्त झालं तर मात्र उलटंच होतं. न चिकटलेल्या साखळ्यांमुळे थेंब एकमेकांकडे ढकलले जातात आणि त्यांचे पुंजके बनतात.

खरी कसोटी पुढे, लहान आतड्यात आहे. तिथे कवच उघडायला हवं. मेद पचवणारं लायपेज तेलापर्यंत पोचलं, तेल पचलं, तरच त्यातून सुटलेली मेदाम्लं पित्तक्षारांसह सूक्ष्म कण बनवतात आणि औषध त्यात शिरून आतड्याच्या भिंतीपर्यंत जातं. न फुटणारं भक्कम कवच बाटलीत शोभून दिसेल, रुग्णाच्या काही उपयोगाचं नाही. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारं कायटोसान आतड्याच्या श्लेष्मल थराला चिकटतं, हा त्याचा गुण; पण ते पित्तक्षारही धरून ठेवतं आणि पचनात अडथळा आणू शकतं. औषध मोठ्या आतड्यातच हवं असेल, तर पेक्टिनच्या जाळ्यात ते अडकवून ठेवण्यात अर्थ आहे, कारण पेक्टिन आपल्या पाचकरसांना दाद देत नाही, तिथले जिवाणूच ते तोडतात.

मला या संशोधनाबद्दल मनापासून आशा वाटते. तरी त्यातलं बरंचसं काम अजून काचपात्रातल्या कृत्रिम पचनावर आणि उंदरांवरच झालेलं आहे. शोषण वाढणं म्हणजे रोग बरा होणंही नव्हे. कर्क्युमिनच्या गोळ्यांच्या वेष्टनावर ‘इतक्या पट जास्त शोषण’ असं छापतात, तेव्हा नेमकं काय मोजलं हे विचारायला हवं. कितीतरी चाचण्यांत रक्ताच्या नमुन्यात विकर घालून, शरीरानं कर्क्युमिनला जोडलेले रेणू आधी तोडतात आणि मग एकूण प्रमाण मोजतात. रक्तात मोकळं फिरणारं कर्क्युमिन त्या आकड्याच्या मानानं फारच थोडं असतं.