लघवीतून रक्त : दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका

चाकण, भोसरीच्या कंपन्यांत बारा-बारा तास उभे राहणारे आपले भाऊ पाणी फार कमी पितात. भट्टीजवळ घाम भरपूर जातो, आणि लघवीला जायचे तर मशीन सोडता येत नाही. लघवी घट्ट होते, खडा धरतो. मग एके दिवशी कंबरेतून जांघेकडे जीवघेणी कळ येते, लघवी लाल होते. असा माणूस त्याच रात्री दवाखाना गाठतो.

जास्त भीती आहे ती न दुखता रक्त जाणाऱ्याची. दोन दिवस लघवी लाल झाली, आपोआप साफ झाली, की "उष्णता झाली असेल" म्हणून सब्जा पिऊन विषय संपतो. मूत्राशयाचा कॅन्सर बहुतेकदा असाच सुरू होतो. रक्त येते, थांबते, काही महिन्यांनी पुन्हा येते. बिडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत मोठे कारण. धुरातले विष रक्तातून लघवीत उतरते आणि मूत्राशयात साठून राहते. रंग आणि रबर कारखान्यांतली काही रसायनेही तेच करतात. जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा आजार दाखवून दिला होता. असे काम पूर्वी कधी केले असेल, वीस वर्षांपूर्वी का असेना, डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जळजळ, वारंवार लघवी आणि सोबत रक्त असेल तर बहुधा इन्फेक्शन. बायकांत हे जास्त. वयस्कर पुरुषांत प्रोस्टेट. मुलाचा घसा दुखून गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी काळ्या चहासारखी लघवी आणि चेहऱ्यावर सूज आली, तर किडनीला सूज असू शकते, त्याच दिवशी दाखवा. बीट किंवा टीबीची रिफाम्पिसिन गोळी खाल्ल्यानेही लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. उलट कधी रक्त डोळ्यांना दिसतच नाही, फक्त लघवीच्या तपासणीत सापडते.

पाळी केव्हाच बंद झालेल्या आपल्या अम्मी-खाला कपड्यावर डाग दिसला तरी लाजेपोटी महिनोन्‌महिने बोलत नाहीत. घरातल्या सुनेने, मुलीने विचारायला हवे.

आधी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी होते. चाळिशी ओलांडलेली असेल, बिडी-सिगारेट ओढत असाल, तर सोनोग्राफी नॉर्मल आली तरी डॉक्टर दुर्बिणीने मूत्राशय पाहायला सांगतात. ते टाळू नका. पिंपरीत महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे. कंपनीने ईएसआय कार्ड दिले असेल तर ते वापरा. खड्याचा त्रास असेल तर रमजानआधी डॉक्टरांना विचारून घ्या. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच, सूरह बकरामध्ये आहे. आणि रक्ताच्या गाठी येऊन लघवी तुंबली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघा.