दोरखंड ओढणारी गाणी

हर्मन मेल्विलच्या ‘मोबी-डिक’ला रंगमंचावर आणायचं तर देवमाशापेक्षा काळ जास्त छळतो. १८५१ साली आलेल्या या कादंबरीत १३५ प्रकरणं आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत घडत काहीच नाही. देवमाशांच्या जाती, हाडं, चरबी, तेल यांचीच चर्चा. हा संथपणा ज्यांनी संगीताच्या हवाली केला, त्यांचे प्रयोग मला अधिक पटतात.

वाट मेल्विलनेच करून ठेवली होती. १८४१ मध्ये ‘अकुश्नेट’ या शिकारी जहाजावर खलाशी म्हणून गेलेला हा लेखक मध्येच कथन सोडून चक्क नाटक लिहायला लागतो: रंगसूचना, स्वगतं, आणि चाळिसाव्या प्रकरणात मध्यरात्री गाणारे देशोदेशीचे खलाशी, त्यांच्यात खंजिरी घेतलेला पोरगा पिप. गाता-गाता मारामारी जुंपते आणि वरून वादळ येतं.

ऑर्सन वेल्सने १९५५ मध्ये लंडनला जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर हे जहाज हाकलं. नटमंडळी ‘किंग लिअर’च्या तालमीला जमलेली, त्यांनी अंग झुलवायचं, लाटा प्रेक्षकांनी बघायच्या. प्रयोग महिनाभरही चालला नाही. संहिता मात्र टिकली. १९९२ मध्ये वेस्ट एंडला आलेल्या संगीतिकेत शाळेतल्या मुली ‘मोबी-डिक’ बसवतात. ती थट्टा होती, सोडून देऊ.

शिडाच्या जहाजांवर गाणं करमणुकीपुरतं नव्हतं. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धृपदाच्या ठोक्यावर दोर ओढायचा. त्या गाण्यांना ‘शँटी’ म्हणतात. लंडनच्या ‘सिंपल-एट’ या मंडळींनी २०१३ च्या प्रयोगात हीच गाणी नटांच्या तोंडी दिली. जहाजावरचं काम दाखवायला याहून स्वस्त आणि खरी युक्ती नाही.

ऑपेऱ्याचं बळ निराळं. जेक हेगीचा ‘मोबी-डिक’ २०१० मध्ये डॅलसला झाला, २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये पोचला. संहिताकार जीन शीअरने किनारा पूर्ण गाळला. कादंबरीत निवेदक पहिल्याच वाक्यात आपलं नाव सांगतो. इथे तो अखेरपर्यंत नुसता नवशिका, नाव उच्चारतो ते सगळं बुडाल्यावर. पुरुषी आवाजांनी भरलेल्या या जहाजावर स्त्रीचा आवाज एकच, तोही पिपचा. समुद्रात एकटा पडून वेडा झालेल्या त्या पोराचा सूर बाकीच्यांच्या वर तरंगतो, आणि कप्तान एहॅबच्या हट्टाची किंमत कळायला वेगळ्या संवादाची गरज उरत नाही.

नॉर्वेच्या इंगविल्ड आस्पेलीने सात नट, पन्नास बाहुल्या आणि ‘बुडालेला वाद्यवृंद’ घेऊन हीच गोष्ट सांगितली. डेव्ह मॅलॉयचं धाडस मात्र सर्वांत मोठं. बाकीचे देवमाशांच्या शरीराची प्रकरणं मुकाट कापतात. त्याने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजला ती गाण्यांतून, हलक्याफुलक्या नाट्यछटांतून रंगवली. प्रयोग तीन तासांच्या बराच पुढे गेला. लांबला, अशी तक्रार होणारच; पण कंटाळा काढून टाकलेली शिकारीची सफर मला तरी खोटी वाटते.