पाठीवरची फट मिटते तेव्हा

फळमाशीचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. २५ अंश तापमानाला त्यातून अळी बाहेर यायला साधारण एक दिवस लागतो, आणि त्या दिवसाच्या मध्यावर आतल्या गर्भाची पाठ उघडी असते. पोट आणि दोन्ही कुशी त्वचेने झाकलेल्या, पाठीवर मात्र डोळ्याच्या आकाराची मोठी फट. अॅम्निओसेरोसा नावाच्या सुमारे २०० मोठ्या, चपट्या पेशींच्या थराने ती तात्पुरती झाकलेली असते. पुढच्या दोन-तीन तासांत डावी-उजवी त्वचा वर सरकत येते, मध्यरेषेवर भेटते आणि फट मिटते. याला डॉर्सल क्लोजर म्हणतात. त्यासाठी पेशींचं विभाजन होत नाही. आहेत त्याच पेशी लांबतात, आकसतात, आकार बदलतात, आणि हे सगळं पेशीच्या आतल्या प्रथिनांच्या सांगाड्याच्या जोरावर.

हे बघायचं तर तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. माश्यांच्या पिंजऱ्याला सफरचंदाच्या रसात केलेल्या अगरची बशी लावायची, मधोमध यीस्टचा लगदा. माद्या तिथे अंडी घालतात. दोनेक तासांनी बशी काढून रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायची, म्हणजे सकाळी हव्या त्या वयाचे गर्भ मिळतात. मग बारीक ब्रशने अंडी जाळीवर घेऊन पातळ केलेल्या ब्लीचमध्ये दोन मिनिटं बुडवायची. अंड्याच्या पुढच्या टोकाशी, पाठीवर, दोन बारीक शिंगं असतात. ती दिसेनाशी झाली की बाहेरचं कवच गेलं असं समजायचं आणि लगेच पाण्याने धुवायचं. पाठ ओळखायची खूण मात्र शिंगांबरोबरच जाते. त्यानंतर अंड्याची चपटी बाजू आणि आतला गडद बलक यांवरून अंदाज बांधायचा, ती बाजू काचेकडे करून गर्भ चिकटवायचा आणि त्यावर हॅलोकार्बन तेलाचा थेंब सोडायचा. या तेलातून प्राणवायू आत जातो आणि गर्भ सुकत नाही. गर्भ जरा कलता बसला तरी फटीची एकच कड नीट दिसते, म्हणून ब्रश धरणाऱ्या हाताला मी मायक्रोस्कोपइतकंच मोल देतो.

या माश्यांमध्ये सांगाड्यातल्या अॅक्टिन या प्रथिनाला चिकटणाऱ्या मोएसिन प्रथिनाच्या तुकड्याला हिरवं चकाकणारं प्रथिन जोडलेलं असतं. जिथे अॅक्टिन, तिथे उजेड. पडद्यावर पहिली नजर जाते ती फटीच्या काठावर. काठावरच्या प्रत्येक पेशीत अॅक्टिनचा जाडसर दोर, तो शेजारच्या पेशीतल्या दोराला जोडलेला, त्यामुळे सगळ्या काठाला मिळून एकच सलग दोर असल्यासारखा दिसतो. दोरात मायोसिन असतं. ते अॅक्टिनचे तंतू एकमेकांवरून ओढतं आणि दोर आखडतो. बटव्याची नाडी ओढावी तशी ही फट आवळली जाते, असं पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं आहे.

पण चित्रफीत जरा वेगाने चालवून मधल्या पेशींकडे बघा. त्या स्थिर नसतातच. एखाद्या पेशीच्या माथ्यावर अॅक्टिनचा हिरवा पुंजका दाटतो आणि ती आकसते. त्याच वेळी शेजारची ताणली जाते. पुंजका विरतो, पेशी सैलावते. तीन-चार मिनिटांत असा एक फेरा होतो. सुरुवातीला आकसणं आणि सैलावणं बरोबरीचं असतं. फट मिटू लागली की प्रत्येक फेऱ्यात पेशी पूर्वीपेक्षा थोडी कमी सैलावते. काठाजवळच्या ओळी आधी कायमच्या आकसतात, मग आतल्या. काही पेशी थरातून खाली निसटतात आणि मरतात. ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की मिटण्याच्या काळात सुमारे दहा टक्के पेशी अशा जातात, आणि त्यांच्या जाण्याने त्वचेला मध्याकडे खेचणारा जोर वाढतो. उरलेल्या पेशीही फट मिटल्यावर गर्भाच्या आत जाऊन मरतात. ज्यांच्या बळावर पाठ पूर्ण होते, त्यांतली एकही अळीच्या त्वचेत राहत नाही.

मग दोराचं काम काय? डॅनियल कीहार्ट यांच्या ड्यूकमधल्याच गटाने २००० साली लेसरने हे तपासलं. दोर कापला तर काठ झटकन मागे सरतो, मधला थर कापला तरीही सरतो, आणि यांपैकी एक ओढ काढून घेतली तरी मिटणं थांबत नाही. २०१६ मध्ये लिऑनचे ड्यूकुइंग आणि व्हँसाँ यांनी झॅस्प५२ हे प्रथिन नसलेले गर्भ बघितले. त्यांच्यात दोर तयारच होत नाही, तरी फट जवळपास नेहमीच्या वेगाने मिटली. बिघडली ती शिवण: काठ वेडावाकडा झाला, पेशींच्या जोड्या चुकल्या. त्याच वर्षी झ्युरिकच्या ब्रुनर गटाने दाखवलं की मुख्य ओढ मधल्या पेशींचीच असते. माझ्या मते प्रश्न इथे सुटला आहे. दोर इंजिन नाही. तो काठ सरळ ठेवतो.

फटीच्या दोन्ही टोकांशी जे घडतं ते मी तासन्‌तास बघू शकतो. डावा-उजवा काठ जवळ आले की पेशींतून दहाएक मायक्रॉन लांबीचे बारीक तंतू, म्हणजे फिलोपोडिया, बाहेर पडतात. ते समोरच्या काठाला चाचपत राहतात. एनग्रेल्ड जनुक चालू असलेल्या पेशीचे तंतू समोरच्या एनग्रेल्ड पेशीलाच धरून ठेवतात, म्हणून अळीच्या पाठीवरचे पट्टे डावीकडून उजवीकडे बरोबर जुळतात. सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिका बिघडवल्या तर नेमका हा शेवटचा टप्पा अडतो.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मैत्रेयी नरसिंहा यांच्या गटाने याच मधल्या पेशींवर काम केलं आहे: कुठल्या पेशी थर कधी सोडतात, शेजारच्या पेशींचा ताण मायोसिनवर काय परिणाम करतो. हे काम फक्त माशीपुरतं नाही. आपला मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात मिटते. तिथेही पेशींची टोकं आवळतात ती अॅक्टिन आणि मायोसिनमुळेच. पाठीकडे नलिका मिटायची राहिली तर बाळाला स्पायना बिफिडा होतो.

आपल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत फळमाशी आहेच. विद्यार्थी अळीच्या लाळग्रंथींमधली पॉलिटीन गुणसूत्रं रंगवून बघतात, गर्भ मात्र कुणी दाखवत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे: एकदा दाखवा. हिरवा उजेड दिसणार नाही, दोरही दिसणार नाही. पण तेलाच्या थेंबात ठेवलेल्या गर्भाचा गडद बलक पाठीकडून झाकला जाताना साध्या मायक्रोस्कोपच्या दहापट भिंगातूनही दिसतो. हातमोजे आणि चष्मा घालून ब्लीच हाताळा, आणि तास सुरू होईल तेव्हा गर्भ दहा-अकरा तासांचे असतील अशा बेताने अंडी गोळा करा.