स्क्रूजने विचारलेला प्रश्न

‘मूल वाचेल ना?’ हा प्रश्न आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या कानांवर वरचेवर पडतो. बहुधा आई विचारते. तिला धीर होत नसेल तर आजी. इंग्रजी साहित्यात मात्र हा प्रश्न ज्याच्या मुखातून अजरामर झाला, तो गृहस्थ एकटा, निपुत्रिक आणि कमालीचा कंजूष होता. एबेनेझर स्क्रूज त्याचे नाव. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटेखानी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिल्या आवृत्तीच्या ६००० प्रती नाताळपूर्वीच संपल्या.

कथा बहुतेकांनी वाचली वा पडद्यावर पाहिली असेल, म्हणून थोडक्यात सांगते. नाताळच्या आदल्या दिवशी गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या सद्गृहस्थांना स्क्रूज हाकलून देतो. दरिद्री माणसे मेली तर जादा लोकसंख्येचा भार तेवढाच उतरेल, असे तो त्यांना ऐकवतो. त्याच रात्री ७ वर्षांपूर्वी वारलेला त्याचा भागीदार मार्ली चोपड्या, किल्ल्या आणि तिजोऱ्यांची साखळी ओढत समोर येतो. मागोमाग भूत, वर्तमान आणि भविष्य दाखवणारी तीन पिशाच्चे येतात, आणि सकाळी उठलेला स्क्रूज निराळाच माणूस असतो.

एका रात्रीत माणूस बदलतो काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मलाही विद्यार्थिदशेत तसेच वाटे. परंतु पुन्हा वाचताना ध्यानात आले की डिकन्सने या बदलाचा क्रम मोठ्या जाणतेपणाने लावला आहे. पहिले पिशाच्च उपदेशाचा शब्द काढत नाही. सुट्टीत सारी मुले घरी गेल्यावर शाळेत एकटाच मागे राहिलेला लहानगा स्क्रूज ते त्याला दाखवते. मग त्याला घरी न्यायला आलेली बहीण फॅन दिसते, जी पुढे वारली. त्यानंतर त्याचा पहिला मालक फेझिविग. आपल्या उमेदवारांसाठी थोडेसे पैसे खर्चून तो नाताळचा नाच ठेवतो. तो आनंद पाहता पाहता स्क्रूजला एकाएकी वाटते की आपल्या कारकुनाशी आता दोन शब्द बोलता आले असते तर बरे झाले असते. बदलाचे पहिले लक्षण, माझ्या मते, हेच. भय नव्हे, पश्चात्तापही नव्हे. शेजारच्या कोंदट खोलीत आठवड्याला १५ शिलिंगांवर खर्डेघाशी करणाऱ्या बॉब क्रॅचिटची झालेली आठवण.

यानंतरच दुसरे पिशाच्च त्याला बॉबच्या घरी नेते. कुबडी घेऊन चालणारा, पायांना लोखंडी पट्ट्या बांधलेला टायनी टिम स्क्रूजला तिथे प्रथम दिसतो, आणि त्याच्या तोंडून तो प्रश्न निघतो. उत्तर असे मिळते की भविष्याने या सावल्या बदलल्या नाहीत तर हे मूल मरेल. हातोहात त्याचेच जादा लोकसंख्येचे शब्द पिशाच्च त्याला परत करते. स्क्रूजची मान खाली जाते.

टिमला नेमके काय झाले होते, यावर आपल्या व्यवसायबंधूंनी खल केला नसता तरच नवल! डोनाल्ड लुईस यांनी १९९२ साली रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसचे निदान सुचवले. रसेल चेस्नी यांनी २०१२ मध्ये मुडदूस आणि क्षय या जोडीकडे बोट दाखवले. कोळशाच्या धुराने झाकोळलेल्या त्या लंडनमध्ये सूर्यप्रकाश आणि सकस अन्न दोन्ही दुर्मीळ. निदान कोणतेही धरा, गरज एकच निघते: उपचार वा आहार परवडेल इतके पैसे बापाच्या हाती हवेत. म्हणजे टिमचे प्रॉग्नोसिस स्क्रूजच्या तिजोरीत होते. डिकन्सला वैद्यकाचे शिक्षण नव्हते, पण ‘सावल्या बदलल्या नाहीत तर’ ही अट त्याने नेमकी कुठे घालावी हे त्याला उमगले होते. टिम मेला नाही, हे शेवटच्या प्रकरणातले स्पष्ट विधान मूळ हस्तलिखितात नव्हते. ते छपाईच्या वेळी घातले गेले. मूल जगले की नाही हे वाचकाला सांगितल्याविना सुटका नाही, हे त्याला उशिरा सुचले असावे.

या पुस्तकामागे एक डॉक्टरही आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. डॉ. साउथवुड स्मिथ हे बालकामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचे सदस्य होते. आयोगाचा खाणींवरचा अहवाल १८४२ साली आणि कारखान्यांतल्या मुलांवरचा १८४३ साली निघाला. तो दुसरा अहवाल वाचून डिकन्स हादरला. गरिबांच्या मुलांच्या बाजूने एक पत्रक काढण्याचे त्याने ठरवले, आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांना कळवले की त्याहून कित्येक पट जोराचा घाव आपण वर्षअखेरीस घालणार आहोत. तो घाव म्हणजे ही कथा. तिच्यात नुसती कळकळ नव्हती, अनुभवही होता. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले तेव्हा १२ वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबले चिकटवत होता. मोठेपणी ही गोष्ट त्याने जवळजवळ सर्वांपासून लपवली.

पुढे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालय अडचणीत आले. डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या प्रयत्नांतून ते १८५२ साली अवघ्या १० खाटांवर सुरू झाले होते. फेब्रुवारी १८५८ मध्ये त्याच्या मदतीसाठी झालेल्या भोजनसमारंभात डिकन्सने भाषण केले आणि त्या प्रसंगी ३००० पौंडांहून अधिक निधी जमला. एप्रिलमध्ये त्याने रुग्णालयासाठी याच कथेचे जाहीर वाचनही केले.

एक तक्रार मात्र नोंदवते. स्क्रूजने टर्की पाठवली, पगार वाढवला, पण १८३४ चा गरिबांविषयीचा निष्ठुर कायदा जिथल्या तिथेच राहिला. एका धनिकाला पाझर फुटला म्हणून व्यवस्था बदलत नाही. तरीही शेवटच्या प्रकरणातला एक तपशील मला फार आवडतो. हाकललेला वर्गणीवाला रस्त्यात भेटतो तेव्हा स्क्रूज त्याच्या कानात एक रक्कम सांगतो, आणि तीत मागची पुष्कळ थकबाकी धरली आहे असेही सांगतो.

हे सारे मला पुन्हा वाचावे लागले ते २००६ च्या डिसेंबरात. मुलीच्या शाळेत याच कथेवर नाटुकले होते आणि तिचे संवाद मी पाठ करून घेत होते. त्याच आठवड्यात इंदूरच्या माझ्या दवाखान्यातले कंपाउंडर दोन दिवस उशिरा आले. बाहेर मुलांची रांग, मी संतापलेली. कारण न विचारता अर्ध्या दिवसाचा पगार कापला. चौथ्या दिवशी ते घरी विसरलेली किल्ली द्यायला त्यांच्या पत्नी आल्या. कडेवर ३ वर्षांची मुलगी. काउंटरपलीकडूनच मला तिची रुंदावलेली मनगटे आणि धनुष्यासारखे वाकलेले पाय दिसले. ती अजून धड चालत नव्हती. उशीर झाला तो तिला हाडवैद्याकडे नेल्यामुळे.

“भाऊ, मला का नाही सांगितलंत?”

“मॅडम, बाहेर साठ मुलं बसलेली असतात. मध्ये आपलीच कशी घालायची?”

ते ९ वर्षे माझ्याकडे होते. ड जीवनसत्त्वाच्या थेंबांच्या बाटल्या रोज स्वतःच्या हाताने लोकांना देत होते.

उपचार साधेच होते: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, गच्चीवरचे ऊन. महिन्याभराने काढलेल्या क्ष-किरण चित्रात हाडांच्या टोकांशी भरून येत असल्याची पांढरी रेघ दिसली. फिल्म उजेडाला धरून मी ती भाऊंना दाखवली. कापलेला अर्ध्या दिवसाचा पगार त्याच दिवशी परत केला. भाऊंनी तो रोजच्या वहीत ‘मागील बाकी’ म्हणून जमा केला, तारीख घातली आणि पुढच्या मुलाचे नाव पुकारले.