गणित म्हणतं, रुग्णवाहिका पाड्याजवळ नको! जव्हार-मोखाड्यात असं उत्तर का येऊ शकतं?

जून 2025 मधली एक बातमी तुमच्याही फीडवर आली असेल. मोखाडा तालुक्यातल्या एका बापाने आपल्या मृत अर्भकाला पिशवीत घालून नाशिकहून एसटीने गावी आणलं होतं. अंतर 80-90 किलोमीटर. बाळंतपणाच्या वेळीही रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही, अशी कुटुंबाची तक्रार होती. आपण चिडलो, पोस्ट शेअर केली, 'रुग्णवाहिका वाढवा' अशी मागणी केली.

मागणी रास्तच आहे. पण समजा उद्या खरंच एक जादा गाडी मिळाली, तर ती उभी कुठे करायची?

प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. 2011 च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्यात सुमारे 1 लाख 40 हजार आणि मोखाड्यात सुमारे 83 हजार लोक राहतात. ही वस्ती डोंगरदऱ्यांतल्या पाड्यांवर विखुरलेली. 2014 मध्ये 108 सेवा सुरू झाली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रासाठी 937 रुग्णवाहिका होत्या आणि त्यातल्या 233 मध्येच प्रगत जीवरक्षक सोयी होत्या. म्हणजे गाड्या मोजक्या, आणि कॉल कधी, कुठून येईल ते कुणालाच माहीत नाही. अशा परिस्थितीत आहे त्या साधनांचा जास्तीत जास्त उपयोग कसा करायचा, हे शोधणाऱ्या गणिताला ऑप्टिमायझेशन म्हणतात. अनिश्चितता गृहीत धरून असं गणित कसं मांडायचं, हे जॉर्ज डँट्झिग यांनी 1955 मध्येच दाखवलं होतं.

आता एक छोटा हिशेब करू. आकडे फक्त समजून घेण्यासाठी घेतले आहेत.

हमरस्त्यालगत 1 लाख लोक राहतात, दरीपलीकडच्या पाड्यांवर 30 हजार. गाड्या दोन. साधा माणूस म्हणेल, एक इथे, एक तिथे. पण प्रत्येक गाडी 40 टक्के वेळ दुसऱ्या पेशंटला घेऊन बाहेर असते असं धरा. पहिली गाडी रस्त्यालगत ठेवली तर 1 लाखातल्या 60 हजारांना 'कॉल केला आणि जवळची गाडी मोकळी होती' असं म्हणता येईल. दुसरीही तिथेच ठेवली, तर पहिली बाहेर असताना ती कामाला येते आणि आणखी 24 हजार लोकांची भर पडते. तीच दुसरी गाडी दरीपलीकडे ठेवली तर? 30 हजारांचे 60 टक्के, म्हणजे 18 हजार.

24 विरुद्ध 18. गणित म्हणतं, दोन्ही गाड्या रस्त्यावरच ठेवा.

हे ऐकून राग येतो, आणि यायलाच हवा. पण आकड्यांत चूक नाही. आपण गणिताला सांगितलंच होतं की 'जास्तीत जास्त लोकांना गाडी मिळू दे'. त्याऐवजी 'सगळ्यात वाईट अवस्थेत असलेल्या गावाची अवस्था सुधार' असं सांगितलं, तर ते लगेच एक गाडी दरीपलीकडे पाठवेल. दोन्ही उत्तरं गणिताचीच. कोणतं उद्दिष्ट द्यायचं, हा निर्णय मात्र माणसांचा आणि सरळ सांगायचं तर राजकीय.

गंमत पुढे आहे. गाडी 40 ऐवजी 20 टक्केच वेळ बाहेर असेल, तर? रस्त्यावरच्या दुसऱ्या गाडीने फक्त 16 हजारांची भर पडते, दरीपलीकडे मात्र 24 हजारांची. उत्तर उलटलं! उद्दिष्ट तेच, गाड्याही तितक्याच.

मग गाडी इतका वेळ बाहेर का असते? कारण पेशंट नाशिकला 'रेफर' होतो आणि त्या एका खेपेत अर्धा दिवस सहज जातो. जव्हारच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ हजर असेल, रक्ताची पिशवी तयार असेल, तर सिझेरियन तिथेच होतं आणि गाडी लवकर मोकळी होते. म्हणजे जव्हारचा भूलतज्ज्ञ दरीपलीकडच्या पाड्याला रुग्णवाहिका मिळवून देऊ शकतो. सुट्या सुट्या फायलींमध्ये ही गोष्ट दिसतच नाही, माझ्या मते खरा घोळ इथेच आहे.

औषधांच्या साठ्यातही सरासरी अशीच फसवते. सर्पदंशावरच्या लसीच्या साधारण 10 कुप्या सुरुवातीलाच द्याव्या लागतात, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच. महिन्याला सरासरी दीड पेशंट येतो म्हणून 15 कुप्या ठेवल्या, तर दुसऱ्या पेशंटच्या वाट्याला पाचच येतात. अर्धा पेशंट कधी येत नाही. कुपी मुदत संपून वाया गेली तर काहीशे रुपयांचं नुकसान, कमी पडली तर जीव जातो. दोन्ही नुकसानांत इतका फरक असेल, तर भातलावणीच्या दिवसांत साठा सरासरीपेक्षा बराच जास्त हवा.

शिवाय इथे लोकसंख्याही स्थिर नसते. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर भिवंडी, वसईकडे जातात आणि पावसाळ्याआधी परततात. एकच तक्ता वर्षभर चालवला तर तो अर्धं वर्ष चुकीचा असतो.

अनिश्चितता कमी करणारा एक उपाय आपल्याकडे आधीपासून आहे, तो म्हणजे माहेरघर. बाळंतपणाच्या काही दिवस आधीच गरोदर बाईने आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहायचं, सोबत नातेवाईक आणि लहान मूलही चालतं. मध्यरात्री, मुसळधार पावसात येणारा कॉल यामुळे टळतो. पण त्या दिवसांची बुडालेली मजुरी आणि घरची म्हातारी माणसं यांचाही हिशेब त्या बाईलाच करावा लागतो.

आणि हे सगळं गणित ज्या माहितीवर चालतं, ती कुठली? 108 ला आलेल्या कॉलची. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीतून एका बाईला भर पावसात डोलीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावं लागलं, कारण पाड्यापर्यंत रस्ताच नव्हता. तिची जुळी बाळं वाचली नाहीत. जिथे रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही, तिथून कॉल कमीच जाणार. कॉल कमी, म्हणजे संगणकाच्या लेखी तिथे गरज कमी. त्या पाड्यावर या महिन्यात किती बायकांचे दिवस भरत आलेत, हे आशाताईच्या वहीत मात्र लिहिलेलं असतं. गाडी कुठे उभी करायची हे ठरवताना आधी ती वही उघडायला हवी.