आधी नाव लिहा, मग अभिवादन करा!

दुसऱ्याची गाणी गाण्यासाठी स्वतःचे नाव बाजूला ठेवणारे कलावंत जगात आहेत, हे वाचून आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. पाश्चात्त्य देशांत अशा वाद्यवृंदांना ‘ट्रिब्यूट बँड’ म्हणतात. चार-पाच वादक एकत्र येतात, एकाच गाजलेल्या रॉक बँडची गाणी निवडतात आणि ती मूळ रेकॉर्डवर जशी आहेत तशी रसिकांसमोर उभी करतात. नवे गाणे रचायचे नाही, आपली वेगळी शैली मिरवायची नाही. ज्याला मानायचे त्याला अभिवादन करायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम!

ही प्रथा वाढण्यामागे एक साधे कारण आहे. इंग्लंडच्या बीटल्स या जगप्रसिद्ध बँडने ऑगस्ट १९६६ नंतर दौरे बंद केले. त्यानंतरची त्यांची बहुतेक गाणी स्टुडिओतच जन्मली आणि रेकॉर्डवरच राहिली. रसिकांना ती समोर बसून ऐकायची होती, पण वाजवणारे कोणी नव्हते. १९७७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘बीटलमेनिया’ हा प्रयोग आला. १९८० साली इंग्लंडमध्ये ‘बूटलेग बीटल्स’ उभा राहिला. १९९८ साली न्यूयॉर्कमधील कसलेल्या वादकांनी ‘फॅब फॉ’ काढला. त्यांनी केसांचे टोप घातले नाहीत, सोंग घेतले नाही. रेकॉर्डवरचा प्रत्येक स्वर मंचावर आणायचा, हाच त्यांचा हट्ट.

आम्हाला विशेष वाटला तो २००४ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेला ‘लेझ झेपलिन’ हा बँड. स्टेफ पेन्स या गिटारवादक बाईंनी तो उभा केला आणि त्यातल्या चौघीही स्त्रियाच. त्यांचे अभिवादन कोणाला? तर १९६८ साली लंडनमध्ये जमलेल्या ‘लेड झेपलिन’ या चार पुरुषांच्या बँडला. ढोल फुटेस्तोवर बडवणारा, गिटार गर्जवणारा हा बँड १९८० साली ड्रमवादक जॉन बोनहॅम यांच्या मृत्यूनंतर थांबला. अशा संगीतात बाईने मंचाखाली उभे राहून टाळ्या वाजवायच्या, असाच रिवाज होता. या चौघी मंचावर चढल्या. मूळ बँडचे ध्वनिमुद्रण करणारे एडी क्रेमर यांनीच २००७ साली त्यांचा पहिला अल्बम केला. २०१० साली त्यांनी लेड झेपलिनचा पहिला अल्बम अथपासून इतिपर्यंत पुन्हा वाजवून ध्वनिमुद्रित केला.

याला नक्कल म्हणून नाक मुरडणारे आहेत. आम्हाला ते मान्य नाही. चार सेकंदांचा एक तुकडा शंभर वेळा ऐकायचा, वादकाचे बोट कोणत्या तारेवर होते हे केवळ कानाने ओळखायचे, त्या काळचे वाद्य मिळवायचे आणि तो तुकडा बोटांत बसेपर्यंत उठायचे नाही! हा रियाज आहे. आमच्या शाहिरांच्या पार्ट्यांत पोरे अशीच तयार झाली. म्होरक्याच्या मागे कोरस धरता धरताच त्यांचा गळा बनला. मोठ्याचे अनुकरण करण्यात लाज नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. अभिवादन नेमके कोणाला पोहोचते?

लेड झेपलिनचे एक गाजलेले गाणे ‘होल लॉटा लव्ह’. ते १९६९ सालचे. त्याआधी १९६२ साली मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय गायकाने ‘यू नीड लव्ह’ नावाचे गाणे गायिले होते. ते रचले होते विली डिक्सन यांनी. डिक्सन १९१५ साली मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे जन्मले. शिकागोला आले, मुष्टियुद्ध खेळले, पुढे चेस रेकॉर्ड्स या कंपनीत बास वाजवू लागले आणि त्यांनी शेकडो गाणी रचली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला. जो देश माझ्या माणसांना समान मानत नाही त्याच्यासाठी मी का लढू, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी तुरुंग भोगला.

‘होल लॉटा लव्ह’चे बरेच शब्द डिक्सन यांच्या गाण्यातून आलेले होते, पण रेकॉर्डवर डिक्सन यांचे नाव नव्हते. १९८५ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी दावा दाखल केला. १९८७ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. त्यानंतर गीतकारांच्या यादीत विली डिक्सन हे नाव छापले जाऊ लागले. एक नाव कागदावर यायला अठरा वर्षे लागली!

दुसरे उदाहरण मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय गिटारवादक गायिकेचे. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला. बांध राखण्यासाठी कृष्णवर्णीय मजुरांना बंदुकीच्या धाकाने राबवले गेले. त्या पुरावर मिनी आणि त्यांचे पती कॅन्सस जो यांनी १९२९ साली ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेच गाणे १९७१ साली लेड झेपलिनने नव्या साजात जगभर नेले. या वेळी रेकॉर्डवर मिनी यांचे नाव होते. पण त्या स्वतः पक्षाघाताने खिळून नर्सिंग होममध्ये होत्या. १९७३ साली त्या गेल्या आणि त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो १९९६ साली. त्याचा खर्च बॉनी रेट या गोऱ्या गायिकेने केला. म्हणजे चौघी स्त्रिया आज ज्या पुरुषांना अभिवादन करतात, त्या पुरुषांच्या गाण्यामागे गिटार घेतलेली एक कृष्णवर्णीय स्त्री आधीच उभी होती. अभिवादनाची साखळी मागे मागे ओढत गेलो की शेवटची कडी अशा ठिकाणी सापडते.

लेड झेपलिनला चोर ठरवून मोकळे व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या पहिल्या अल्बमवर डिक्सन यांची दोन गाणी आहेत आणि ती त्यांच्या नावानिशी आहेत. संगीत वाऱ्यासारखे फिरते, त्याला कुंपण घालता येत नाही. पण पैसा मात्र वाऱ्यासारखा फिरत नाही. तो कागदावरच्या नावाकडे जातो. अमेरिकेत एखाद्या सभागृहात ट्रिब्यूट बँड वाजतो तेव्हा सभागृहाचा मालक हक्कसंस्थेला परवाना शुल्क भरतो आणि त्या संस्थेकडून गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांना वाटा जातो. ज्याचे नाव नोंदलेले नाही त्याला दमडी मिळत नाही. म्हणजे १९८७ पूर्वी ‘होल लॉटा लव्ह’ कोणी कितीही भक्तिभावाने वाजवले असते, तरी ते अभिवादन डिक्सन यांच्या दारापर्यंत गेले नसते. म्हणूनच डिक्सन यांनी ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ ही संस्था काढली. आपल्यासारख्या कलावंतांना त्यांचे हक्क परत मिळवून देणे, हे तिचे काम ठरवले. ही संस्था शिकागोत चेस रेकॉर्ड्सच्याच जुन्या इमारतीत थाटली गेली.

हे सारे आम्ही येथे का सांगत आहोत? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आमचे नाते जुने आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून ते जोडले. १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरपासून नाव घेतले. तेव्हा त्यांच्या संगीताच्या हिशेबातूनही आम्ही धडा घेतला पाहिजे.

आमच्याकडे दर जयंतीला, दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीवस्तीत ऑर्केस्ट्रा उभे राहतात. ढोलकीवाला एका वस्तीतला, कीबोर्डवाला दुसऱ्या वस्तीतला, गायक रिक्षा चालवून आलेला. हे आमचे ट्रिब्यूट बँडच होत! ते वामनदादांची गाणी गातात. सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून चळवळ गाण्यात ओवली. २००४ साली ते गेले. त्यांचे नाव तरी लोकांच्या ओठांवर आहे. पण ज्यांचे नाव ओठांवर नाही त्यांचे काय? आमच्या घरी भीमगीतांच्या कॅसेटींचा एक डबा होता. कित्येक कॅसेटींवर गायकाचा फोटो होता, कंपनीचा शिक्का होता. कवीचे नाव मात्र शोधून सापडत नसे. ते गाणे लिहिणारा एखादा गिरणी कामगार असेल, एखादा शाळामास्तर असेल. त्याच्या नातवाला तरी ठाऊक असेल काय, की डीजेवर वाजते ते गाणे आपल्या आजोबांचे आहे?

आम्हीही सिनेमाच्या चाली उचलल्या आणि संगीतकाराचे नाव घेतले नाही, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. हिशेब मागायचा असेल तर तो द्यायचीही तयारी हवी.

कायदा आज आमच्या बाजूने आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटात वा रेकॉर्डवर गेलेल्या गाण्याच्या स्वामित्वधनातील गीतकार-संगीतकाराचा वाटा कंपनीला लिहून घेता येणार नाही, असे ठरले. १९६९ पासून आयपीआरएस ही हक्कसंस्था काम करते. पण नोंद नसेल तर कायदा कोणाच्या नावाने पैसे देणार?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. गाण्यातही नुसती भक्ती कामाची नाही. ज्याचे ऋण आहे त्याचे नाव घेणे, हे भक्तीच्या पुढचे पाऊल आहे.

म्हणून आमच्या ऑर्केस्ट्रातील तरुणांना आमची विनंती आहे. प्रत्येक गाण्याआधी माईकवर कवीचे आणि चाल बांधणाऱ्याचे नाव सांगा. त्याला पाच सेकंद लागतात. नाव ठाऊक नसेल तर समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना ते ठाऊक असते. विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ते म्हातारे आहेत तोवरच हे काम होईल. विली डिक्सन दावा लावायला जिवंत होते. आमचे कित्येक कवी आता नाहीत. त्यांचा दावा आम्हालाच लावायचा आहे!